साखरेची सुई आणि हलव्याचा काटा

गेल्या संक्रांतीच्या आठवड्यातली गोष्ट. थंडी छान पडली होती, म्हणून मी हलवा करायला बसले होते. शेजारच्या घरी नव्या सुनेचा पहिला सण होता आणि तिच्या दागिन्यांचा हलवा मी माझ्याकडे घेतला होता. मंद शेगडी, परातीत तीळ, वाटीत पाक आणि हाताला चटके! अशा वेळी दार वाजलं आणि माझ्या मोठ्या नणंदबाई आत आल्या. बरोबर त्यांची नऊ वर्षांची लेक. आम्ही सगळे तिला छकुली म्हणतो.

ताईंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा खाजगी दवाखान्याची ती जाहिरात होती. ‘स्टेम सेलने साखरेचा आजार मुळापासून बरा. इन्सुलिनची सुई कायमची बंद.’ खर्च चार लाख रुपये.

ताई म्हणाल्या, “दोन एकर वावर गहाण ठेवतो म्हणतात हे. पोरीले रोज चार येळा टोचावं लागते, मले पाह्यवत नाही वं. तू शिकलेली हायेस, शाळेत शिकवतेस. वाचून सांग, द्यावं का पैसे?”

मैत्रिणींनो, माझा हात पाकातच थांबला. कारण ही जाहिरात ताईंपर्यंत पोचवली होती ती मीच. दिवाळीच्या सुमारास मोबाईलवर आली, मी वरवर पाहिली आणि ‘छकुलीसाठी उपयोगी पडेल’ म्हणून दिली पुढे पाठवून. एका बोटाचं काम! आणि त्या एका बोटापायी माझ्या नणंदेचं वावर गहाण पडायची वेळ आली होती.

मी बी.ए. झालेली. तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. विज्ञानाचं आणि माझं दहावीनंतर फारसं सख्य नाही. पण ताईंना म्हटलं, “मला पंधरा दिवस द्या. तोवर एक रुपयाही कुणाला देऊ नका.” त्या पंधरा दिवसांत आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना दोनदा गाठलं आणि जमेल तेवढं वाचलं. जे समजलं ते सगळ्या बहिणींपुढे ठेवावं म्हणून हा लेख.

घरचाच पहारेकरी उलटतो तेव्हा

आपल्याकडे साखरेचा आजार म्हटलं की पन्नाशी उलटलेली, जरा जाड माणसं डोळ्यांपुढे येतात. लहान मुलांचा आजार बहुधा वेगळा असतो. त्याला टाइप वन म्हणतात. गोड खाल्ल्यानं तो होत नाही आणि आईच्या हातून काही चुकलं म्हणूनही होत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ताईंनी दोन वर्षं सासरच्यांकडून हेच ऐकून घेतलं आहे.

आपल्या पोटात, जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यात रव्याच्या कणाहूनही बारीक असे पेशींचे पुंजके विखुरलेले असतात, सुमारे दहा लाख. लँगरहान्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६९ साली ते पहिल्यांदा पाहिले. या पुंजक्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. रक्तातली साखर शरीराच्या पेशींना वापरता यावी, यासाठी हे इन्सुलिन लागतं.

शरीरात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या आपल्या घराच्या पहारेकरी. टाइप वनमध्ये हे पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजतात आणि बीटा पेशींना मारत सुटतात. इन्सुलिन संपतं. मग साखर रक्तातच साचते, मूल सारखं पाणी पितं, सारखं लघवीला जातं, वजन उतरतं. छकुली सात वर्षांची असताना पुन्हा अंथरूण ओलं करू लागली होती. ताई तिला रागावायच्या. पुढे निदान झालं आणि त्या रागावण्याचं त्यांना अजूनही वाईट वाटतं.

शंभर वर्षांपूर्वी अशी मुलं फार तर वर्ष-दोन वर्षं काढत. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं. तेव्हा ज्या सुईचा आपल्याला राग येतो, तीच सुई आपलं लेकरू आपल्याजवळ ठेवते आहे. हे आधी मनात पक्कं करावं.

मूळपेशी म्हणजे काय?

स्टेम सेलला मराठीत मूळपेशी म्हणतात. अजून कुठलंच काम न ठरलेली पेशी. मळलेल्या कणकेचा गोळा जसा! त्याची पोळी होईल, पुरी होईल किंवा फळंही होतील. तशी मूळपेशी वाढवून तिच्यापासून रक्ताची, कातड्याची किंवा इतर पेशी घडवता येते.

हे सगळं थोतांड आहे असं मुळीच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाचा अस्थिमज्जा दिला. रक्ताचा कर्करोग झालेल्या त्या मुलीवरचं हे भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण मानतात. तेही मूळपेशींचंच काम, कारण रक्ताच्या मूळपेशी अस्थिमज्जेत असतात. आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. त्यावरही योग्य दाता मिळाला तर हाच उपाय करतात.

मग साखरेच्या आजाराचं काय? तिथेही काम झालं आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या डग्लस मेल्टन या शास्त्रज्ञांचा मुलगा अगदी तान्हा असताना त्याला टाइप वन झाला. पुढे त्यांच्या मुलीलाही झाला. या बापानं आपलं आधीचं संशोधन बाजूला ठेवून याच आजाराचा ध्यास घेतला. २०१४ साली त्यांच्या प्रयोगशाळेत मानवी मूळपेशींपासून इन्सुलिन देणाऱ्या बीटा पेशी भरपूर प्रमाणात तयार करता आल्या. त्याआधी मृत दात्याच्या स्वादुपिंडातून पुंजके काढावे लागत आणि एका रुग्णाला अनेकदा दोन-दोन दाते लागत. आता पेशींचा तुटवडा मिटण्याची वाट दिसू लागली.

पण पेशी मिळाल्या म्हणून भागत नाही. पहारेकरी तर तेच आहेत! नव्या पेशी आत घातल्या की ते त्यांनाही मारणार. ते थोपवायचे तर त्यांना झोपवणारी औषधं आयुष्यभर घ्यायची. ती घेतली की साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो, मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. डॉक्टर मला म्हणाले, “लहान मुलाला सुई टळावी म्हणून ही औषधं देणं म्हणजे रोगापेक्षा औषध भारी.”

हलव्यासारखा लेप

यावर शास्त्रज्ञांनी जी युक्ती काढली, ती वाचताना मला माझी परात आठवली. पेशींवर लेप चढवायचा! तिळावर जसे पाकाचे थर चढवतो, तसे या पुंजक्यांवर पातळ थर चढवायचे किंवा ते एखाद्या मऊ गोळीत बंद करायचे. म्हणजे पहारेकऱ्याला आतली पेशी दिसणारच नाही.

हा लेप कशाचा? सगळ्यात जुना आणि अजूनही वापरात असलेला पदार्थ म्हणजे अल्जिनेट. तो समुद्रातल्या शेवाळापासून काढतात. त्याच्या पातळ द्रावणात पेशी मिसळायच्या आणि कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. आपण झाऱ्यातून बुंदी पाडतो ना, तसंच. थेंब पाण्यात पडला की त्याची मऊ गोळी बनते आणि पेशी आत राहते. लिम आणि सन या शास्त्रज्ञांनी १९८० साली अशा गोळ्या साखरेचा आजार असलेल्या उंदरांच्या पोटात घातल्या. उघडे पुंजके आठवडाभरात निकामी झाले, पण गोळीतले पुंजके दोन-तीन आठवडे काम करत राहिले.

या लेपाला बारीक छिद्रं हवीत, आणि तीही मापाची. पिठाच्या चाळणीचं आणि गव्हाच्या चाळणीचं भोक सारखं असून चालत नाही, तसंच. प्राणवायू आणि साखर आत जायला हवी, इन्सुलिन बाहेर यायला हवं, पण पहारेकरी पेशी आत शिरता कामा नये. लेप जाड झाला तर आतली पेशी प्राणवायूवाचून गुदमरते. फार पातळ झाला तर फाटतो.

पुण्यातलं काम

हे सगळं परदेशातच चाललं आहे असं समजू नका. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. रमेश भोंडे, मकरंद रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००-२००१ च्या सुमारास याच लेपांवर काम केलं. त्यांनी कायटोसान वापरलं. कोळंबी-खेकड्यांची जी कवचं आपण साफ करून टाकून देतो, त्यांच्यापासून ते बनतं. त्यात दुसरं एक पॉलिमर मिसळून त्यांनी पाणी धरून ठेवणारा मऊ पडदा तयार केला.

मग त्यांनी नेमका कळीचा प्रश्न विचारला: या पडद्याला पाहून पहारेकरी चवताळतात का? प्रयोगशाळेत पहारेकरी पेशी त्या पडद्याजवळ ठेवल्या, तर त्या भडकल्या नाहीत. हे काम बशीतल्या पेशींवरचं होतं, रुग्णावरचं नव्हे. पण कोळंबीच्या टाकाऊ कवचापासून आपल्या पुण्यात हा विचार झाला, हे वाचून मला फार बरं वाटलं.

बोटातल्या कुसळाची गोष्ट

पहारेकऱ्यांनी पडदा फोडला नाही तरी एक अडचण उरतेच. बोटात कुसळ शिरलं आणि आतच राहिलं तर काय होतं? काही दिवसांनी त्याच्याभोवती घट्ट गाठ होते. शरीर परक्या वस्तूला मारू शकलं नाही, तर तिला भिंतीआड कोंडतं. या गोळ्यांचंही तेच झालं. त्यांच्याभोवती निबर थर जमायचा, प्राणवायू बंद व्हायचा आणि आतल्या पेशी मरायच्या. बरीच वर्षं गाडी इथेच अडली होती.

म्हणून आता सगळं लक्ष लेपाच्या वरच्या पृष्ठभागाकडे आहे. वरचा पापुद्रा असा करायचा की शरीराला तो परका वाटूच नये. अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेतल्या गटानं अल्जिनेटला निरनिराळी रसायनं जोडून शेकडो प्रकार करून पाहिले. २०१५ साली त्यांना आणखी एक गंमत आढळली: बारीक गोळ्यांपेक्षा दीड मिलिमीटरच्या मोठ्या गोळ्यांभोवती गाठ कमी होते. पुढच्याच वर्षी त्यांनी सुधारलेल्या अल्जिनेटमध्ये मेल्टन यांच्या प्रयोगशाळेतल्या मानवी पेशी घालून उंदरांना दिल्या. पहारेकऱ्यांना झोपवणारं कुठलंही औषध न देता त्या १७४ दिवस साखर ताब्यात ठेवत होत्या.

स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी पुंजक्यांवर थेट हेपारिनचा पातळ लेप देऊन पाहिला. पेशी यकृतात सोडल्या की रक्त लगेच गोठतं आणि पुष्कळ पेशी तिथेच वाया जातात. ते टाळण्यासाठी ही युक्ती.

माणसांपर्यंत किती पोचलं?

इथे मला मैत्रिणींना खरं तेच सांगायचं आहे. व्हर्टेक्स नावाच्या अमेरिकन कंपनीनं मूळपेशींपासून केलेल्या पेशी रुग्णांना दिल्या. २०२५ साली त्याचा अहवाल आला. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिनची सुई लागत नव्हती. केवढी मोठी बातमी! पण या सगळ्यांना पहारेकरी झोपवणारी औषधं चालू होती आणि त्या चाचणीतल्या एका रुग्णाचा बुरशीच्या संसर्गानं, मेंदूच्या आवरणाला दाह होऊन मृत्यू झाला. हे रुग्ण प्रौढ होते आणि साखर एकाएकी धोकादायकपणे उतरण्याचा त्रास असलेले होते.

त्याच कंपनीनं त्याच पेशी एका संरक्षक डबीत घालून, त्या औषधांशिवाय देऊन पाहिल्या. मार्च २०२५ मध्ये ते काम थांबवलं, कारण डबीतल्या पेशी पुरेसं इन्सुलिन देत नव्हत्या. म्हणजे आपल्या छकुलीला हवा तो भाग, औषधाविना पेशी जगवणारा लेप, अजून माणसात साधलेला नाही.

स्वीडनमध्येही एका ४२ वर्षांच्या गृहस्थांच्या हाताच्या स्नायूत दात्याच्या पेशी घातल्या. या पेशींवर लेप नव्हता. पेशींतच असा बदल केला होता की पहारेकऱ्यांना त्या ओळखू येऊ नयेत. कुठलंही झोपवणारं औषध न देता त्या जगल्या आणि थोडं इन्सुलिन देऊ लागल्या. पण मात्रा लहान होती, म्हणून त्यांची सुई चालूच आहे.

मग सांगा, जे अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये अजून चाचणीत आहे, ते चार लाखांत कायमचं बरं करून देणारा दवाखाना नक्की काय टोचत असेल?

आपला नियम काय म्हणतो?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली मूळपेशींबद्दल मार्गदर्शक नियम काढले. रक्ताच्या ठराविक आजारांवरचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मान्य उपचार. बाकी सगळं फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करायचं. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत.

म्हणून कुणी असा उपचार सुचवला तर एवढे प्रश्न जरूर विचारावेत:

१. ही चाचणी आहे का? असल्यास भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतला क्रमांक द्या.

२. नीतिसमितीची परवानगी कुठे आहे? दाखवा.

३. पैसे कशाचे? चाचणी असेल तर पैसे का, आणि उपचार असेल तर मान्यता कुणाची?

४. आधी किती जणांना दिलं आणि त्यांचं काय झालं? लेखी द्या.

ताईंच्या समोर मी त्या दवाखान्याला फोन केला. पहिलाच प्रश्न विचारल्यावर पलीकडच्या बाई म्हणाल्या, “तुम्ही आधी नोंदणीचे पंचवीस हजार भरा, मग डॉक्टर बोलतील.” ताईंनी माझ्या हातून फोन घेतला आणि बंद केला.

तोवर घरी काय सांभाळावं?

हे सगळं यायचं तेव्हा येईल. तोवर लेकरू धड ठेवणं आपल्या हातात आहे.

*इन्सुलिन कधीही बंद करू नये.* मागच्या वर्षी ताईंच्या गावात एका औषधवाल्यानं पुडी दिली आणि ‘सुई थांबवा’ म्हणून सांगितलं. दोन दिवसांत छकुलीला उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला. दवाखान्यात पाच दिवस काढावे लागले. मूल आजारी असलं, जेवत नसलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, मात्रा डॉक्टरांना विचारून बदलायची.

*उन्हाळ्यात जपावं.* आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि वीजही जाते. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं आणि त्यात कोरड्या डबीत बाटली. वर ओलं फडकं. सावलीत, हवेशीर जागी ठेवून वाळू रोज ओली करावी. बाटलीला पाणी लागू देऊ नये.

*साखर उतरली तर ओळखावं.* घाम, थरथर, एकदम भूक, चिडचिड. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

*शाळेत सांगावं.* लपवू नये. शिक्षिका म्हणून सांगते, आम्हाला माहीत असलं तर वर्गात डबा खायला आम्ही अडवणार नाही आणि मूल गप्प बसलं तर लक्ष जाईल.

शेवटी आमच्या छकुलीचं. मी तिला परातीजवळ बसवून लेपाची सगळी गोष्ट सांगितली. तिनं हलव्याचा दाणा उचलून काट्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “मामी, माझी सुई कधी बंद होईल?” मला खोटं बोलवलं नाही. म्हटलं, “ठाऊक नाही गं. पुष्कळ माणसं त्यासाठी काम करताहेत. तोवर तू आणि मी नीट राहायचं.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग आजची मी घेते टोचून, आई नको.”

संक्रांतीच्या दिवशी तिनं तिळाची एकच वडी खाल्ली, तीही डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे इन्सुलिनच्या हिशेबात धरून. वावर गहाण पडलं नाही. त्यावर यंदाही कपाशीच आहे. वेचणीच्या पैशातून ताईंनी साखर तपासायचं यंत्र आणि पट्ट्यांची दोन पाकिटं घेतली. आणि मी मोबाईलवर आलेलं औषधाचं काहीही, वाचल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय, पुढे पाठवायचं सोडलं आहे. तुम्हीही सोडा, बहिणींनो.